मुलांची पोटगी: रक्कम ठरवण्यापासून वसुलीपर्यंत, नाशिकमधल्या विभक्त पालकांसाठी

हा लेख फक्त मुलांच्या पोटगीबद्दल आहे. पत्नीची पोटगी, स्त्रीधन, फ्लॅटमधला वाटा हे सगळे वेगळे विषय आहेत. ते एकाच बैठकीत निघतात आणि त्या ओढाताणीत मुलाच्या खर्चाचा हिशेब हमखास मागे पडतो. म्हणून पहिली सूचना हीच: मुलाच्या खर्चाचा कागद वेगळा करा आणि तो सगळ्यात आधी टेबलावर ठेवा.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. मुलाला सांभाळणे ही आई आणि वडील दोघांचीही जबाबदारी आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. मूल विवाहातले असो वा विवाहबाह्य, फरक पडत नाही. धर्म कोणताही असला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मुलासाठी पोटगी मागता येते. हेच जुने कलम १२५. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण कोर्टाच्या आवारात आजही सगळे 'एकशे पंचवीसची केस' असेच म्हणतात, त्यामुळे गोंधळू नका. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलाच्या खर्चाची आणि शिक्षणाची मागणी करता येते. विशेष विवाह कायद्यात तशीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. छळ झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली मुलाचा खर्च मागता येतो.

घटस्फोट झालेला असलाच पाहिजे, असे मात्र नाही. नवरा-बायको नुसते वेगळे राहत असले तरी मुलाचा हक्क चालू असतो.

आधी मुलाचा वर्षाचा खर्च मांडा

आपल्याकडे पगाराच्या इतके टक्के पोटगी असे ठरलेले कोष्टक नाही. '२५ टक्के मिळतात' हे वाक्य खूप फिरते. ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून आले आहे आणि तो निकाल पत्नीच्या पोटगीबद्दलचा होता. मुलासाठी कोर्ट गरज, राहणीमान आणि दोघांची ऐपत पाहते. म्हणून खर्चाचा तक्ता जितका नेमका, तितकी मागणी टिकते. 'महिना २५ हजार द्यावेत' एवढेच लिहिलेल्या अर्जाला समोरचा वकील दोन प्रश्नांत पाडतो.

खर्च महिन्याचा नव्हे, वर्षाचा मांडा आणि मग बाराने भागा. महिन्याचा मांडला की जूनमधली वह्या-पुस्तके, दिवाळीचे कपडे, दातांच्या डॉक्टरांचे बिल सुटून जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नऊ वर्षांची मुलगी चौथीत आहे आणि आईसोबत इंदिरानगरला भाड्याच्या घरात राहते. आईच्या हातात २८,००० पडतात, वडिलांच्या हातात ५२,०००. मुलीचा खर्च असा निघतो:

किराणा, दूध, भाजी, फळे: ४,५००
घरभाडे, वीज, गॅस मिळून १४,०००, त्यातला मुलीचा तिसरा हिस्सा: ४,७००
शाळेची फी वर्षाला ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००
वह्या, पुस्तके, गणवेश, बूट, दप्तर वर्षाला ९,६००, म्हणजे ८००
स्कूल व्हॅन १,५०० प्रमाणे दहा महिने, म्हणजे १,२५०
शाळा सुटल्यावरचे पाळणाघर: २,५००
चित्रकला किंवा पोहण्याचा क्लास: १,२००
औषधपाणी, डोळे, दात: ७००
कपडे, सणवार, वाढदिवस: ८५०

एकूण २०,५००. पाळणाघर लोक सर्रास विसरतात. नोकरी करणाऱ्या आईला मूल सांभाळायला कोणीतरी लागतेच, आणि तो खर्च मुलाचाच असतो. आजी सांभाळत असेल तर तो आकडा काढून टाका, उगीच फुगवू नका. एक फुगवलेला आकडा सापडला की बाकीच्या आठ आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

आता वाटणी. दोघांचे मिळून ८०,०००, त्यात वडिलांचा वाटा ६५ टक्के आणि आईचा ३५ टक्के. २०,५०० चे ६५ टक्के म्हणजे १३,३२५. मिळकतीच्या प्रमाणात वाटणी ही कायद्याने सक्तीची पद्धत नाही, पण आई कमावती असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात म्हटले आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकासमोर बसल्यावर हा हिशेब दोन्ही बाजूंना पटवायला सगळ्यात सोपा जातो.

आई कमावत नसेल तर प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. वडिलांची मिळकत आणि त्यांच्यावर खरोखर अवलंबून असलेली माणसे, एवढेच पाहायचे.

मिळकत कशी धरायची

नोकरदाराच्या बाबतीत सक्तीच्या कपाती, म्हणजे आयकर, भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर, वजा करून उरलेली रक्कम धरा. पतपेढीच्या कर्जाचा हप्ता, गाडीचा हप्ता, विम्याचा स्वेच्छेचा हप्ता या कपाती न्यायालये सहसा वजा धरत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मूळ पगार कमी आणि ओव्हरटाइम जास्त असा प्रकार असतो. एका महिन्याची पगारपावती पाहून ठरवले तर दोन्हीकडून फसगत होते, कारण मंदीच्या महिन्यात ओव्हरटाइम शून्य आणि ऑर्डर असली की पगाराच्या निम्मा. बारा महिन्यांचा बँक उतारा काढा, पगाराच्या नोंदींची बेरीज करा, बाराने भागा. दिवाळी बोनस त्या बेरजेत आपोआप येतो.

शेतकरी पालकाचे गणित वेगळे. शेतीचे उत्पन्न आयकर विवरणपत्रात नीट दिसत नाही आणि 'मला काहीच उत्पन्न नाही' असे प्रतिज्ञापत्र निफाड-दिंडोरीच्या पाच एकर द्राक्षबागेच्या मालकाकडूनही येऊ शकते. अशा वेळी हे कागद कामी येतात: सातबारा आणि आठ-अ उतारा, त्यावरची ई-पीक पाहणीची नोंद, लासलगाव किंवा पिंपळगाव बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्या, द्राक्ष व्यापाऱ्याकडून खात्यात आलेली रक्कम, सोसायटीच्या पीककर्जाची मर्यादा. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून कुणालाही काढता येतो, त्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही. पण एक सावधगिरी बाळगा. सातबारा वडिलोपार्जित असेल आणि त्यावर सहा नावे असतील तर सगळे उत्पन्न एकाच्या नावावर धरू नका. हिस्सा किती आणि प्रत्यक्षात कोण कसते, हे लिहा. खर्चही धरा. द्राक्षाला फवारणी, मजुरी, खते यांत उत्पन्नाचा मोठा भाग जातो आणि ते न धरता मागितलेली रक्कम टिकत नाही.

रिक्षा, टपरी, गॅरेज, इलेक्ट्रिशियन अशा रोखीच्या धंद्यात यूपीआयचा उतारा हाच सर्वात बोलका पुरावा आहे. त्याशिवाय वाहनाचे हप्ते, घराचे भाडे, मोबाइलचे बिल यांवरून राहणीमान दाखवता येते. महिन्याला १५ हजारांचा हप्ता नियमित भरणारा माणूस १० हजार कमावतो हे कोर्टाला पटत नाही.

करारात नेमके काय लिहायचे

दोघांत सहमती असेल तर बहुतेक जण 'वडील मुलीच्या पालनपोषणासाठी दरमहा योग्य ती रक्कम देतील' असे लिहून मोकळे होतात. हे वाक्य वसुलीच्या वेळी निरुपयोगी ठरते, कारण वसुली वॉरंटवर 'योग्य ती रक्कम' लिहिता येत नाही. कलम असे हवे:

'वडील दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रुपये ८,६०० (अक्षरी आठ हजार सहाशे फक्त) मुलीच्या पालनपोषणासाठी आईच्या अमुक बँकेतील अमुक क्रमांकाच्या खात्यात बँकेमार्फत जमा करतील. याशिवाय शाळेची फी आणि शालेय साहित्यासाठी वर्षाला रुपये ५७,६०० दोन हप्त्यांत, १५ जून आणि १५ नोव्हेंबरपर्यंत, थेट शाळेकडे किंवा आईच्या खात्यात भरतील.'

हे आकडे वरच्या उदाहरणातलेच आहेत. १३,३२५ मधून शाळेचे महिन्याचे ४,८०० वेगळे काढले की ८,५२५ उरतात, ते वर गोल केले. शाळेचा पैसा वेगळा ठेवण्याचे कारण साधे आहे. ज्याच्याकडे मूल राहत नाही त्या पालकाला आपला पैसा कुठे गेला हे दिसते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदम ३० हजार उभे करण्याची वेळ आईवर येत नाही. तारीख १० ठेवली कारण कंत्राटी कामगारांचे पगार ७ तारखेच्या आसपास होतात. १ तारीख लिहून दर महिन्याला कागदोपत्री चूक घडवण्यात काही अर्थ नाही.

वाढीचे कलम घातल्याशिवाय सही करू नका. दरवर्षी जूनपासून ८ टक्के वाढ लिहिली तर ८,६०० चे पुढच्या वर्षी ९,२८८ होतात आणि मुलगी अठराची होईपर्यंत, म्हणजे नवव्या वाढीनंतर, साधारण १७,२००. वाढीचे कलम नसेल तर रक्कम जागीच राहते आणि वाढवून मागायला दर वेळी नवा अर्ज, नव्या तारखा, नवे वकीलपत्र. शाळेच्या फीला वाढीची ठरलेली टक्केवारी लावू नका. तिथे 'शाळेच्या पावतीप्रमाणे प्रत्यक्ष फी जितकी वाढेल त्या वाढीचा ६५ टक्के वाटा, आणि शाळा बदलायची असल्यास दोघांची लेखी संमती' असे लिहिलेले बरे. फी दर काही वर्षांनी उडी मारते आणि आठवीनंतर क्लासेसचा खर्च शाळेच्या बरोबरीने येतो.

मोठ्या आजारपणाचा खर्च वेगळा लिहा. विमा कोण काढणार, हप्ता कोण भरणार, विम्याबाहेरचे बिल कोणत्या प्रमाणात वाटायचे आणि पावती मिळाल्यापासून किती दिवसांत द्यायचे. १५ दिवस पुरेसे असतात. ५,००० वरच्या नियोजित उपचारासाठी आधी कळवायचे, तातडीच्या उपचारासाठी नाही, हा फरकही लिहून ठेवा.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने पोटगी बंद होऊ शकते. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली तिचा हक्क पुढेही राहतो, आणि शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मुलाचाही राहतो. पण निरोगी मुलगा अठराव्या वर्षी बारावीत किंवा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असतो. म्हणून करारातच 'पहिली पदवी किंवा पदविका पूर्ण होईपर्यंत, मात्र वयाच्या २३ व्या वर्षापर्यंत' असे कलम घाला. आज गोडीगुलाबीत हे लिहून घेता येते. आठ वर्षांनी मागायला गेलात तर कायद्याचा आधार तोकडा पडतो.

शेतकरी वडिलांसाठी दरमहा एकसारखी रक्कम लिहिली की ती ऑगस्टपासून थकायला लागते. त्यापेक्षा हंगामाला धरून आखणी करा. उदाहरणार्थ दरमहा ५,००० आणि ३० एप्रिलला ३६,०००. वर्षाचे ९६,००० होतात, म्हणजे महिन्याला सरासरी ८,०००. द्राक्षाचे पैसे तोवर आलेले असतात आणि ती एकरकमी रक्कम जूनच्या शाळेला वेळेवर मिळते. उन्हाळ कांदा चाळीत साठवून विकणाऱ्यासाठी दुसरा हप्ता ऑक्टोबरअखेर ठेवता येतो. गारपीट झाली तर काय, हेही लिहा: महिन्याचे ५,००० चालूच राहतील, एकरकमी हप्ता एकदाच सहा महिने पुढे जाईल, माफ होणार नाही.

आणि एक कलम कधीही लिहू नका: 'आई मुलासाठी भविष्यात कोणतीही पोटगी मागणार नाही.' परस्पर संमतीच्या घटस्फोटात घाई असते, लवकर सुटका व्हावी म्हणून आई यावर सही करते. हा हक्क मुलाचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही, आणि अशा कलमानंतरही मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. पण मग आधी त्या कलमाशी भांडण्यातच वेळ जातो.

कागदाला कोर्टाची ताकद द्या

५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेला करार हा पुरावा म्हणून ठीक आहे, पण पैसे थांबले तर त्यावरून थेट वॉरंट निघत नाही. आधी दावा, मग हुकूम, मग वसुली. ही मधली पायरी वाचवायचे दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्जात सहमतीच्या अटी जोडल्या की त्या हुकुमाचा भाग होतात. निकालपत्रात 'अटींप्रमाणे हुकूम' असे शब्द आले आहेत ना आणि अटींना निशाणी क्रमांक (कोर्टाच्या फाईलमधल्या कागदाचा नोंद क्रमांक) पडला आहे ना, हे त्याच दिवशी तपासा. अटी फक्त फाईलला जोडलेल्या राहिल्या तर पुढे वसुलीत अडचण येते.

घटस्फोट नको असेल किंवा इतक्यात नको असेल, तर दुसरा रस्ता लोकअदालतीचा. नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे कोर्टात दावा न लावताच, अर्ज करता येतो. समझोता झाला की लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकुमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. हा रस्ता स्वस्त आहे, जवळ आहे, आणि तरीही तो फार कमी लोकांना माहीत आहे. याच प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतवाहिनीचा क्रमांक १५१००.

सहमती नसेल तर अर्ज

अर्ज कुठे करायचा, यावर खूप गैरसमज आहेत. वडील पुण्याला किंवा मुंबईला असले तरी आई नाशिकला राहत असेल तर कलम १४४ चा अर्ज नाशिकला चालतो. नाशिक शहरातली प्रकरणे कौटुंबिक न्यायालयात जातात. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द नाही, अशा तालुक्यांत हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. आपले गाव कुठे येते हे त्या तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत विचारले की पाच मिनिटांत कळते. पोटगीच्या प्रकरणात महिलांना महाराष्ट्रात न्यायालय शुल्क माफ आहे, त्यामुळे 'कोर्ट फी' म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली तर पावती मागा.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून नसतो, न्यायाधीशांच्या परवानगीने असतो. आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. समुपदेशकाची बैठक औपचारिकता समजू नका. खर्चाचा तक्ता घेऊन गेलात तर बऱ्याचदा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंत द्यायच्या, रकमेवर तिथेच एकमत होते.

अर्जासोबत लागतात: मुलाचा जन्मदाखला, विवाहाचा पुरावा, दोघांचे आधार, शाळेचा बोनाफाइड आणि फीच्या पावत्या, डॉक्टरांची बिले, घराचा भाडेकरार, आणि समोरच्याच्या मिळकतीबद्दल जे काही हाती असेल ते. या सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र. रजनेश निकालाने ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केले आणि त्याचा नमुनाही दिला. नोकरी-व्यवसायवाल्यांसाठी एक, शेतीवाल्यांसाठी वेगळा. समोरची बाजू शेतकरी असेल तर शेतीच्या नमुन्यातलेच प्रतिज्ञापत्र मागा. वकील अनेकदा सगळ्यांना एकच नमुना भरून देतात आणि मग पीक, जनावरे, जमीन यांचे रकाने येतच नाहीत. समोरच्याला ते दाखल करायला चार आठवडे असतात. खोटे प्रतिज्ञापत्र दिले तर कारवाई होऊ शकते, म्हणून आपले भरतानाही प्रत्येक रकाना खरा भरा, लागू नसेल तिथे 'लागू नाही' लिहा, कोरा सोडू नका.

मुख्य अर्जाबरोबर अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो आणि त्याचे सर्वात मोठे कारण नोटीस न बजावणे हे असते. 'पत्ता सापडला नाही' असा शेरा येऊन पाकीट परत आले की दीड-दोन महिने गेले. म्हणून घराचा पत्ता खुणेसकट लिहा, सोबत कामाच्या ठिकाणचा पत्ता, हजेरी क्रमांक माहीत असल्यास तो, मोबाइल आणि ईमेल द्या. गावाकडचा पत्ता असेल तर पोलीस ठाण्याचे नाव लिहा. प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्या. ई-कोर्ट ॲपवर पुढची तारीख आणि नोटिशीची स्थिती स्वतः पाहता येते.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हे रजनेश निकालाने स्पष्ट केले आहे. अर्जातही तशी मागणी शब्दांत लिहा. दोन कायद्यांखाली दोन अर्ज असतील तर एकातला हुकूम दुसऱ्यात सांगणे बंधनकारक आहे आणि रकमेची वजावट होते. लपवलेत तर दोन्हीकडे विश्वासार्हता जाते.

हुकूम झाला की त्याची प्रत, ज्याच्या बाजूने हुकूम आहे त्याला, विनाशुल्क मिळते. ती त्याच आठवड्यात घ्या.

पैसे कसे द्यायचे, कसे घ्यायचे

रोख नको. मामाच्या हाती, शेजाऱ्याच्या हाती, शाळेच्या फाटकावर तर नकोच. देणाऱ्याला दिल्याचा पुरावा राहत नाही, घेणाऱ्याला मिळाले नसल्याचा. बँकेत कायमस्वरूपी सूचना देऊन ठेवली की पगारानंतर तिसऱ्या दिवशी रक्कम आपोआप जाते आणि दर महिन्याचा तो एक फोन, ज्यात जुनी भांडणे निघतात, टळतो. शेऱ्यात महिना लिहा: 'पोटगी जून'. शेरा नसेल तर थकबाकीच्या वादात तीच रक्कम 'उसने घेतले होते' किंवा 'भेट दिली होती' म्हणून गणली जाते.

आईने पोटगीसाठी वेगळे खाते ठेवावे. पगार त्यात येऊ देऊ नये. त्या खात्याचा उतारा म्हणजेच हजेरीपुस्तक.

सायकल, मोबाइल, वाढदिवसाचा ड्रेस, सहलीचा खर्च हे पोटगीतून वजा होत नाही, हुकुमात तसे लिहिले नसेल तर. मनाने शाळेची फी भरून 'या महिन्याची पोटगी त्यातच आली' म्हणणारे वडील प्रामाणिकपणे पैसे देऊनही थकबाकीदार ठरतात. आधी लेखी संमती घ्या, व्हॉट्सॲपवरची चालेल, मग भरा.

भेटीचा आणि पैशांचा संबंध जोडू नका. मूल भेटू दिले नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. पोटगी थकली म्हणून आईलाही भेट थांबवता येत नाही. दोन्हींसाठी वेगळे अर्ज आहेत. या एका जोडणीमुळे जितकी मुले दोन्हीकडून उपाशी राहतात, तितकी दुसऱ्या कशानेही नाही असे आमचे स्पष्ट मत आहे: पैसेही थांबतात आणि माणूसही.

एकरकमी पोटगी घ्यायची असेल तर मुलाच्या नावावर मुदत ठेवींत वाटून ठेवा, वेगवेगळ्या वर्षी मोकळ्या होणाऱ्या. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते उघडता येते, वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत. पण ते चालू खर्चाच्या पोटगीच्या बदल्यात नको. आज दूध आणि फी लागते, खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी हाती येणारा पैसा आज उपयोगी नाही.

थकली तर

एक महिना चुकला तर लेखी आठवण करा. दुसरा चुकला की वसुलीच्या तयारीला लागा. कलम १४४ खालच्या हुकुमाची थकबाकी वॉरंटने वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'देतो, देतो' ऐकत दोन वर्षे थांबलेल्या बाईची पहिल्या वर्षाची रक्कम या रस्त्याने बुडते. दर सहा महिन्यांनी अर्ज करायची सवय ठेवा, अकरावा महिना ही शेवटची हद्द.

अर्जाला महिनावार तक्ता जोडा: देय रक्कम, जमा रक्कम, तारीख, बाकी. बँक उतारा सोबत. कोर्ट वसुली वॉरंट काढते, तरीही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, देण्याची फेड नाही. वडील दुसऱ्या जिल्ह्यात गेले असतील तर ते जिथे असतील तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून हुकूम बजावता येतो.

नोकरदार असेल तर पगारजप्ती हा जास्त उपयोगाचा रस्ता. दिवाणी हुकुमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे हुकूम बजावण्यासाठी केलेल्या अर्जात, पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश सोडून बाकीवर जप्ती येऊ शकते. इतर कर्जांपेक्षा ही मुभा मोठी आहे. यासाठी पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम अचूक हवे. ओझरच्या एचएएलमध्ये, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, जिल्हा परिषदेत किंवा महावितरणमध्ये नोकरी असेल तर हुकूम नुसता 'व्यवस्थापक' नावाने पाठवून चालत नाही, तो टेबलाटेबलांवर फिरत राहतो. सरकारी कार्यालयात तो आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या (पगाराची बिले काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) नावे हवा. वडील सैन्यात असतील तर लष्करी कायद्यातच पत्नी-मुलांसाठी वेतनातून कपातीची तरतूद आहे, त्यासाठी त्यांच्या युनिटकडे थेट अर्ज करता येतो.

परिस्थिती बदलली तर

नोकरी गेली, अपघात झाला, पगार दुप्पट झाला, मूल वसतिगृहात गेले: अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी-जास्त करून घेता येते. नोकरी गेलेल्या वडिलांची नेहमीची चूक म्हणजे पैसे थांबवणे आणि अर्ज न करणे. हुकूम उभा असतो, थकबाकी दर महिन्याला वाढते, आणि वर्षाने वॉरंट आल्यावर सांगितलेले कारण उशिराचे ठरते. नोकरी गेली त्याच महिन्यात अर्ज द्या, सोबत कामावरून कमी केल्याचे पत्र जोडा, आणि जमेल तेवढी रक्कम, अगदी २,००० सुद्धा, भरत राहा.

दुसरे लग्न झाले, नवे मूल झाले, म्हणून पहिल्या मुलाची पोटगी संपत नाही. आईने दुसरे लग्न केले तरी मुलाचा वडिलांवरचा हक्क तसाच राहतो. एकतर्फी, म्हणजे समोरची बाजू हजर नसताना, हुकूम झाला असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज तीन महिन्यांत करायचा.

निकाल लागेपर्यंतचे महिने

केस चालू असताना घर चालवायचे असतेच. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशासाठी घटस्फोटित किंवा न्यायप्रविष्ट प्रकरणातल्या आईला स्वतःचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला जोडता येतो. प्रकरण चालू असल्याचा कोर्टाचा कागद त्यासाठी लागतो. तो कागद, अर्ज दाखल केल्याच्या पावतीसह, एका पिशवीत वेगळा ठेवा, कारण शाळा, रेशन दुकान, तहसील सगळीकडे त्याचीच मागणी होते.

मूल सतरा वर्षांचे झाले की हुकुमात पोटगी कधीपर्यंत लिहिली आहे ते वाचा. अठरापर्यंतच असेल आणि मुलगी असेल किंवा मूल दिव्यांग असेल तर पुढच्या अर्जाची तयारी तेव्हाच करा. मुलाच्या नावावरच्या ठेवी असतील तर अठराव्या वाढदिवसानंतर बँकेत त्याच्या स्वतःच्या सहीने नवे केवायसी द्यावे लागते, ते होईपर्यंत अज्ञान खात्यातले व्यवहार थांबतात. आधार आणि पॅन कार्ड त्याआधी दोन महिने तयार ठेवा.